मित्राचा हार्नेस

मागच्या हिवाळ्यात थोरलीने प्रस्तरारोहणाचा प्राथमिक कोर्स केला. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले कान्हेरीचे कातळ आणि मुंब्र्याचा डोंगर, मुंबईतल्या कितीतरी चढाई करणाऱ्यांनी पहिले धडे इथेच गिरवले आहेत. कोर्सपुरतं सामान क्लबचं होतं. पुढे जायचं तर स्वतःचं हवं, म्हणून तिने माझ्यासमोर यादी ठेवली: हार्नेस, हेल्मेट, लॉकचे दोन कॅराबिनर, डिसेंडर, बूट. दोर क्लबचाच वापरायचा होता, एवढाच दिलासा.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. यादीतल्या निम्म्या शब्दांना माझ्याकडे ना मराठी होतं ना उर्दू. हार्नेस म्हणजे कंबरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा. कॅराबिनर म्हणजे उघडबंद होणारी कडी. डिसेंडर म्हणजे दोरावरून उतरताना वेग ताब्यात ठेवणारं साधन. अर्थ कळले, आणि किमती कळल्यावर मी गप्प झालो.

माझा कॉलेजातला एक मित्र घाटकोपरला राहतो. पंचविशीत त्याचा प्रत्येक रविवार सह्याद्रीत जायचा. फोनवर सहज विषय काढला, तर संध्याकाळी तो पिशवी घेऊन दारात हजर. आत त्याचा हार्नेस, तीन कॅराबिनर आणि इंग्रजी आठाच्या आकाराचा डिसेंडर. “लेकीला दे. माळ्यावर पडून काय करायचंय?” पट्टा स्वच्छ, नव्यासारखा दिसणारा. मी मनातल्या मनात वाचलेले पैसे मोजले आणि अल्लाहचे आभार मानले.

थोरलीने सलाम केला, हार्नेस हातात घेतला आणि आतल्या बाजूचं लेबल शोधलं. उत्पादनाचं साल 2006. ती काही बोलली नाही. चाचांना चहा दिला, ते गेल्यावर म्हणाली, “अब्बा, हा मी नाही वापरणार.”

मला रागच आला. एवढ्या प्रेमाने कुणी दिलेलं नाकारायचं?

तिने शांतपणे समजावलं. पट्टा नायलॉनचा असतो. ऊन, घाम, रसायनं यांनी तो कमजोर होतोच, पण नुसता पडून राहिला तरी त्याचं वय होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बहुतेक कंपन्या सांगतात, एकदाही वापरला नसला तरी दहा वर्षांनी बाद करा. धातूचं तसं नाही. दोर घासून पडलेली खाच, वाकलेली कडी, नीट न मिटणारं तोंड, हे दिसतं आणि बोटाला लागतं.

मग तिने कडीवर कोरलेले आकडे दाखवले. 1 किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोचा भार. कडीवर ताण लांबीच्या दिशेने आला तर तिने किमान 20 किलोन्यूटन पेलायला हवेत. तीच कडी आडवी पडली किंवा तोंड उघडं राहिलं, तर ताकद जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येते. स्क्रूचं लॉक असतं ते यासाठी.

एका माणसाने विचारलं होतं, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? पैगंबरसाहेबांनी (स.) त्याला आधी उंट बांधायला सांगितलं. ही गोष्ट मी वर्गात कितीदा सांगितली असेल. घरी मात्र चार पैसे वाचताहेत म्हणून माझाच उंट मी मोकळा सोडायला निघालो होतो.

मित्राला फोन करायला दोन दिवस लागले. खरं तेच सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “2006? मला तर आत्ता आत्ता घेतल्यासारखा वाटतो रे.” नंतर म्हणाला, “कात्री तयार ठेव.” रविवारी येऊन त्याने स्वतःच्या हाताने पट्ट्याचे तुकडे केले, कुणी चुकून वापरू नये म्हणून. मी दुसरीकडे बघत बसलो.

धातूच्या वस्तू क्लबच्या प्रशिक्षकांनी भिंग लावून तपासल्या. एका कॅराबिनरला खाच निघाली, तो बाद. उरलेले दोन आणि डिसेंडर ठीक. हार्नेस आणि हेल्मेट नवे घेतले. दुकानात तिने हार्नेस बांधून दोराला लटकून पाहिलं. कंबरपट्टा नितंबांच्या हाडांच्या वर बसला पाहिजे, खाली ओढला तरी उतरता कामा नये. बाजूच्या कड्या फक्त सामान अडकवायला, भार घेतो तो समोरचा जाड लूप. हेल्मेटखाली पातळ स्कार्फ नीट बसतो का, तेही पाहिलं. टोकं कपड्यांत खोचायची. डिसेंडरमध्ये ओढणी अडकू शकते, तशीच वेणीही, त्यामुळे हा नियम सगळ्याच मुलींना.

पहिल्या चढाईला आम्ही दोघे मित्र मुंब्र्याला गेलो. तिच्या कंबरेला त्याची कडी होती. तिने लॉक फिरवलं, ओढून पाहिलं. जोडीदार मुलीने पुन्हा तपासलं. मग मी दुआ मागितली.