चोवीस तास, फक्त माझे!

‘एकटी?’

आईचा पहिला प्रश्न. ‘सोबत कोण आहे?’ हा दुसरा. आणि मी ‘कोणी नाही गं’ म्हटल्यावर, ‘म्हणजे कोणीच नाही?’ हा तिसरा.

झालं होतं असं, की मला मेलबर्नला ताईकडे जायचं होतं. मुंबईहून सिंगापूरमार्गे दोन तिकिटं दिसत होती. एकात सिंगापूरला तीन तास थांबायचं होतं, दुसऱ्यात जवळजवळ चोवीस तास. दुसरं बरंच स्वस्त होतं. फ्रीलान्सरच्या आयुष्यात असे निर्णय फार विचार करून घेतले जात नाहीत. बुकिंग करून टाकलं. घरी मात्र नंतर सांगितलं.

बाबा रिटायर्ड बँकवाले. ते रागावले नाहीत, त्यांनी एक्सेल शीट बनवली. एकेका तासाची एकेक ओळ. कुठे असशील, कशी जाशील, फोन कधी करशील. रात्री आठच्या पुढच्या सगळ्या ओळी लाल. त्यांच्यासमोर एकच शब्द : रूमवर.

प्लॅनिंग : जरा हिशोब, जरा अंदाज

स्टॉपओव्हरचं पहिलं गणित वजाबाकीचं. चोवीस तास म्हणजे चोवीस नसतात. उतरल्यावरचे दोन आणि उडण्याआधीचे तीन तास काढून टाका. झोपेचे सहा. उरले तेरा. या तेरा तासांत अख्खं शहर बघायला गेलात तर फक्त मेट्रोचे जिने बघाल. मी ठरवलं, शहराचा एकच पट्टा घ्यायचा : लिटिल इंडियापासून मरीना बेपर्यंत. होस्टेलही लिटिल इंडियातच घेतलं, मुलींच्या वेगळ्या डॉर्ममध्ये.

व्हिसाचं टेन्शन होतं, पण ते सुटलं. ऑस्ट्रेलियासारख्या काही देशांचा चालू व्हिसा आणि पुढचं पक्कं तिकीट असेल तर भारतीय पासपोर्टवर सिंगापुरात ९६ तासांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय थांबता येतं. अंतिम मर्जी अर्थातच काउंटरवरच्या अधिकाऱ्याची. आता ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो, तो ईमेलनं येतो. त्याचा प्रिंटआउट मी जवळ ठेवला होता. काउंटरवरच्या बाईंनी तो मागितला, बघितला, आणि मी बाहेर!

पहिला झटका

रविवारी सकाळी आठ वाजता चांगी एअरपोर्टच्या मेट्रो स्टेशनवर मी ऐटीत माझं डेबिट कार्ड गेटला लावलं. इथे बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्डच तिकीट म्हणून चालतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरले होते. गेट उघडलं नाही. पुन्हा लावलं. नाही. मागे रांग.

मग ट्यूब पेटली. कार्डावरचे परदेशी व्यवहार मी सुरूच केले नव्हते. ॲपमधून सुरू करायचे तर ओटीपी हवा. ओटीपी येणार भारतातल्या नंबरवर, आणि रोमिंग मी पैसे वाचवायला घेतलं नव्हतं. शंभर रुपये वाचवताना हजाराचा घाम कसा फुटतो, ते तेव्हा कळलं. सुट्टं तिकीट काढावं म्हटलं, तर एका प्रवासाची तिकिटं इथे २०२२ मध्येच बंद झालीत. पर्समध्ये आईनं बळेबळे ठेवायला लावलेले सिंगापूर डॉलर होते. ते देऊन काउंटरवर प्रवासाचं कार्ड घेतलं. बाबांची शीट हरली, आईची पर्स जिंकली.

एकटीचं टेबल

बॅग होस्टेलवर टाकली (रूम दुपारी मिळणार होती) आणि टेक्का सेंटर गाठलं. खाली भाजी-मासळीचा बाजार, शेजारी खाण्याचे स्टॉल. हे हॉकर सेंटर म्हणजे सिंगापूरचं स्वयंपाकघर. युनेस्कोनं २०२० मध्ये या हॉकर संस्कृतीला वारशाचा दर्जा दिला.

एकटीनं हॉटेलात जेवायचा मला मनापासून कंटाळा. आपल्याकडे वेटर आधी ‘कितने लोग?’ विचारतो, आणि ‘एक’ म्हटलं की कोपऱ्यातल्या, बेसिनजवळच्या टेबलाकडे बोट दाखवतो. इथे कोणी विचारलंच नाही. इथली पद्धत मस्त आहे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवायचं, की जागा तुमची. याला म्हणतात ‘चोप’ करणं. मीही पाकीट ठेवलं, रांगेत उभी राहिले, डोसा आणि ‘कोपी’ घेऊन परत आले. पाकीट जागेवर. समोरच्या खुर्चीत एक चिनी आजी आपली नूडल्स खात होत्या. त्याही एकट्याच. त्यांनी मान हलवली, मी हलवली. संपला विषय.

वॉटर्लू स्ट्रीटवरच्या राण्या

तिथून चालत वॉटर्लू स्ट्रीट. इथे क्वान यिमचं चिनी देऊळ आणि श्रीकृष्णाचं देऊळ अगदी शेजारी शेजारी. चिनी बायका क्वान यिमला नमस्कार करून येतात आणि त्याच हातांनी कृष्णापुढे उदबत्ती लावतात. बघत राहावं असं.

पण मी आले होते दुसऱ्याच कारणासाठी. १९४३ मध्ये सुभाषचंद्र बोस यांनी याच शहरात आझाद हिंद सेनेची बायकांची पलटण उभारली. नाव, झाशीची राणी रेजिमेंट. प्रमुख होत्या डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन, म्हणजे नंतरच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल. प्रशिक्षणाचं शिबिर २२ ऑक्टोबर १९४३ ला सुरू झालं, ते याच रस्त्यावर. भरती झालेल्यांत मलायातल्या रबराच्या मळ्यांमधल्या कितीतरी पोरी होत्या. भारत कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या. आपल्या तांब्यांच्या मनूचं नाव लावून त्या बंदूक चालवायला शिकल्या.

त्यांच्या घरी काय प्रश्न विचारले गेले असतील? मला आपलं चोवीस तासांचंच स्पष्टीकरण देताना नाकी नऊ आले होते.

पुढे एस्प्लनेड पार्कमध्ये आझाद हिंद सेनेच्या स्मारकाची खूण आहे. मूळ स्मारक १९४५ मध्ये परत आलेल्या इंग्रजांनी पाडलं, ही खूण १९९५ ची. दुपारच्या उन्हात तिथे मी एकटीच होते. दहा मिनिटं उभी राहिले.

लाल ओळ

दुपारी झोप काढली. संध्याकाळी गार्डन्स बाय द बे. पावणेआठचा सुपरट्रीजचा लाइट शो अगदी फुकट. गवतावर आडवं पडून बघायचा. भन्नाट! मग बेफ्रंटहून थेट मेट्रोनं लिटिल इंडिया.

स्टेशनबाहेर आले आणि पाय थबकले. रविवारची रात्र. रस्ता, फुटपाथ, मैदानाचा कोपरा, जिकडे नजर जाईल तिकडे पुरुष. हजारोंनी. या शहराच्या इमारती बांधणारे तमिळ आणि बांगलादेशी कामगार सुट्टीच्या दिवशी इथे जमतात, हे मी वाचलं होतं. पण वाचणं वेगळं. मुंबईत वाढलेलं माझं शरीर आपोआप कामाला लागलं. बॅग पुढे. कोपर बाहेर. नजर जमिनीवर. चाल फास्ट.

शंभर पावलं गेल्यावर लक्षात आलं, की कोपर कुणालाच लागत नाहीये. दोघं-तिघं तर बाजूला सरकून वाट देत होते. बहुतेकांच्या माना खाली, फोनमध्ये. व्हिडिओ कॉलवर कुणाचं बाळ, कुणाची म्हातारी. कुणी फुटपाथवर डबा उघडून चौघांत वाटून खात होतं.

एका दुकानासमोर विशीतल्या एका मुलानं हिंदीत विचारलं, ‘दीदी, एक फोटो?’ मी सावध झाले. पण त्याला त्याचाच फोटो हवा होता. नवे बूट दिसतील असा, पूर्ण. आईला पाठवायला. मी तीन काढले. त्यानं विचारलं, ‘आप अकेली आई हैं?’

तोच प्रश्न. मान ताठ करून मी म्हटलं, ‘हां.’

‘हम भी,’ तो म्हणाला. ‘चार साल हो गए.’

मग फोनमध्ये बूट झूम करून बघत तो गर्दीत गेला.

डॉर्ममध्ये पडल्या पडल्या बाबांना मेसेज करायला घेतला आणि खोडला. ‘इथे सगळं सेफ आहे’ असं लिहिणं मला खोटं वाटलं. भीती खरी होती, ती उगाच आलेली नाही. वर्षानुवर्षं लोकलमध्ये आणि रस्त्यावर कमावलेली आहे. पण त्या रात्री ती चुकीच्या माणसांवर रोखलेली होती, हेही तितकंच खरं.

सकाळी एअरपोर्टवर बाबांची शीट उघडली. लाल ओळीतला ‘रूमवर’ खोडून लिहिलं : ‘बाहेर होते. एका मुलाचे फोटो काढत होते. सविस्तर फोनवर.’

आणि पाठवून दिलं.

निघण्याआधी, मैत्रिणींनो...

* कार्डावरचे परदेशी व्यवहार घरूनच सुरू करा. ओटीपीपुरतं का होईना, रोमिंग घ्या. थोडी रोकड हवीच.

* सिंगापूरचं अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरा. ते सरकारी साइटवर मोफत असतं, पैसे मागणाऱ्या साइट्सपासून लांब राहा. व्हिसाचे नियम बदलतात, तिकीट काढण्याआधी तपासा.

* बॅग थेट पुढच्या विमानात जाणार का, हे चेक-इनला विचारून घ्या. नसेल तर एअरपोर्टवर सामान ठेवायची सोय आहे.

* रात्रीची शेवटची मेट्रो आणि पहाटेची पहिली, दोन्हींच्या वेळा लिहून ठेवा.

* पोलिस ९९९, ॲम्ब्युलन्स ९९५. होस्टेलचा पत्ता कागदावर. फोनची बॅटरी कधीही दगा देऊ शकते.

* घरच्यांनी शीट बनवलीच, तर बनवू द्या. त्यांचीही ही पहिलीच वेळ असते.