कार्डावरचा पाहुणा

आजही लाइट गेली. पावसाळ्यात कणकवलीत त्याचं नवल नाही. पण पाम एम५०५ हा तळहातावरचा छोटा संगणक हाताशी होता तेव्हा अशा रात्री धाकधूक वाटायची. २००१ सालचं ते यंत्र. मेमरी अवघी ८ एमबी, तीही बॅटरीच्या जिवावर. चार्ज पुरता उतरला की पत्ते, हिशेब, टिपणं, सगळं साफ! वरच्या खाचेतलं टपाल तिकिटाएवढं एसडी कार्ड मात्र विजेविना शाबूत.

गंमत अशी, की कार्डावरचं ॲप तिथल्या तिथे चालतच नसे. स्टायलस टेकवली की आधी आतल्या मेमरीत उतरायचं, काम आटोपलं की तिथून हटायचं. चतुर्थीला येऊन विसर्जनानंतर मुंबईची गाडी पकडणाऱ्या चाकरमान्यासारखं. म्हणजे कार्ड कितीही मोठं घ्या, घरात जागा हवीच. ती नसली की यंत्र सरळ हात वर करी. पुस्तकं नि फोटो मात्र काही शहाणी ॲपं थेट कार्डावरूनच वाचत. मला तीच व्यवस्था जास्त पटायची.

तुमच्याही खणात असं कार्ड पडलं असेल, तर यंत्र बंद पडलंय म्हणून टाकू नका. साध्या कार्ड रीडरला लावा आणि फायली वेळेत उतरवून घ्या.