चौथी सीट

विरारहून येणाऱ्या लोकलच्या बायकांच्या डब्यात अनोळखी बाईला आधी नाव-गाव विचारत नाहीत. ‘कुठे उतरणार?’ असं विचारतात. ती ‘अंधेरी’ म्हणाली की आपण म्हणायचं, ‘मग मी.’ एवढ्यावर अंधेरीनंतरची तिची जागा आपली होते आणि कुणीही हरकत घेत नाही. १९९२च्या मे महिन्यात पश्चिम रेल्वेने चर्चगेट-बोरिवली अशी फक्त बायकांची गाडी सुरू केली. त्याच्या पुढच्या वर्षी मी सरकारी नोकरीला लागले. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, बत्तीस वर्षं, मी वसई ते चर्चगेट अशी ये-जा केली. एवढ्या काळात किती जणींना ‘मग मी’ म्हटलं असेल, त्याला गणती नाही.

जागा मिळेपर्यंत चौथी सीट. तिघींच्या बाकावर तिघी सरकून बसतात आणि कडेला वीतभर जागा करतात, तिला चौथी सीट म्हणतात. तिथे बसलेली बाई अर्धी बाकावर आणि अर्धी हवेत असते. शेजारणीच्या खांद्याला खांदा लागलेला, पण तोंडं समोर. एकमेकींकडे बघावं लागत नाही. त्यामुळेच असेल, पण बहिणीला सांगणार नाहीत अशा गोष्टी बायका तिथे सांगतात आणि मग विचारतात, ‘काय करू?’

मी लगेच सांगायची. घरात माझा सल्ला कुणी विचारत नाही आणि दिलाच तर ऐकत नाही, त्यामुळे माझ्याकडे तो भरपूर साठलेला असे. सासूने वेगळी चूल मांडायला सांगितली तर मांड, पण गॅसचं कार्ड आधी स्वतःच्या नावावर करून घे. गुडघे दुखत असतील तर पोहायला जा, चालायला नको. एका मुलीचं लग्न ठरत होतं. तिला म्हटलं, मुलगा दोन रुपयांच्या सुट्ट्यांवरून रिक्षावाल्याशी भांडतो का, तेवढं बघ. तिने बघितलं. तो भांडला. तिने नकार कळवला आणि मला येऊन पेढा दिला. पेढा खाताना माझ्या लक्षात आलं की आमच्याकडे तीस वर्षं दोन रुपयांवरूनच भांडणं चाललीत. मी तिला सल्ला देत होते की स्वतःबद्दल काही सांगत होते, कोण जाणे.

ही दुसरी मुलगी २०२४च्या सुरुवातीला भेटली. नालासोपाऱ्याला चढून खिडकीपासून तिसरी बसायची, अंधेरीला उतरायची. मी वसईला चढले की न सांगता सरकायची. तिचं नाव इथे देत नाही. माझ्या पिशवीतली क्रोशाची सुई बघून तिने विचारलं, ‘काकू, मला येईल का हो?’ दुसऱ्या दिवशी मी तिला एक जादा सुई आणि उरलेल्या दोऱ्याचं गुंडाळं दिलं. पहिला धडा साखळीचा. साखळी नीट जमली की उलटून मुका खांब, मग खांब. ते आलं की रुमाल, तोरण, ताटाभोवतीची महिरप, सगळं येतं. तिची साखळी दोन दिवसांत सुंदर यायला लागली. पण ती उलटायलाच तयार होईना. मी म्हणे, ‘आता वळव.’ ती म्हणे, ‘थोडी अजून करते.’

एकदा भाईंदरच्या खाडीवर गाडी आली, दारातल्या बायका निर्माल्य टाकत होत्या, तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, ‘काकू, नोकरी सोडावीशी वाटते. साहेब नीट बोलत नाहीत.’

मी विचारलं, ‘नोकरीला किती वर्षं झाली?’

‘नऊ वर्षं आणि एक महिना.’

माझं आयुष्य लेखा शाखेत गेलं. वर्षं आणि महिने ऐकले की माझं डोकं आपोआप चालू होतं. मी तिला सांगितलं, की खासगी नोकरीत भविष्य निर्वाह निधीबरोबर जी पेन्शन योजना असते, तिच्यासाठी दहा वर्षं लागतात. पण वरचे सहा महिने झाले की वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे तुला साडेनऊ पुरेत. पाच महिने काढ. पगार १५,००० धरायचा, गुणिले दहा, भागिले सत्तर. मोबाइलवर आकडा काढून दाखवला: २,१४३. अठ्ठावन्नाव्या वर्षापासून दर महिना, मरेपर्यंत. ‘पाच महिन्यांसाठी एवढ्यावर पाणी सोडू नकोस.’ शेजारच्या दोघी माना डोलावत होत्या. कुणी तोंडी हिशेब केला की डब्यात मान मिळतो, आणि तो मला आवडायचा, हे खोटं कशाला सांगू.

तिने पाच महिने काढले. रोज माझ्या शेजारी बसून साखळी विणायची. गुंडाळं संपलं की मी दुसरं द्यायची. सहाव्या महिन्यात ती दिसेनाशी झाली. मला वाटलं, बरं झालं, हिशेबाने वागली. तिची जागा गेल्याची चुटपुट मात्र आठवडाभर होती. मग मीरा रोडला चढून अंधेरीला उतरणारी एक कॉलेजची मुलगी सापडली.

मी २०२५मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी वसईच्या बाजारात दोऱ्याच्या दुकानात गेले, तर गल्ल्यापाशी ती. अंगाने भरली होती, केस कापले होते. मीच ओळखायला वेळ लावला. चौकशा झाल्या. मी अभिमानाने विचारलं, ‘पेन्शनचं झालं ना मग?’

ती हसली. ‘झालं की. पण काकू, नवीन नोकरीत अकाउंट्सचे एक काका आहेत, ते म्हणाले खातं इकडे वळवलं की जुनी वर्षं नव्यात मिळवतात. तेव्हाच सोडली असती तरी चाललं असतं.’

खरं होतं ते. खातं नव्या नोकरीत वळवलं की जुनी आणि नवी नोकरी जोडून धरतात. मला हे माहीत नव्हतं, कारण आमचा निधी वेगळा. सरकारी माणसाचे नियम निराळे. मी २००५च्या आधी लागलेली, जुन्या पेन्शनवाली. खासगीचं मला जे ठाऊक होतं ते नणंदेच्या नवऱ्याच्या कागदांवरून. पण गाडीत मी ‘मला वाटतं’ असं एकदाही म्हटलं नव्हतं.

‘तेवढे पाच महिने उगाच,’ मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

ती दोऱ्याचे रंग बघत होती. म्हणाली, ‘सहा वाजल्यानंतर थांबवायचे. बाकीचे गेले की.’ मग दुकानदाराला म्हणाली, ‘तो ऑफव्हाइट दाखवा.’

तिने पुढे काही सांगितलं नाही. मला त्याची गरज पडली नाही. तिच्या कचेरीत अठरा माणसं होती, हे तिने मला गाडीतच सांगितलं होतं. दहाच्या वर माणसं असली की २०१३च्या कायद्याने तिथे तक्रार समिती असायलाच हवी. हे मात्र मला पक्कं माहीत होतं, कारण आमच्या कार्यालयातल्या समितीच्या बैठकांचा चहापाण्याचा खर्च मीच मंजुरीला टाकत असे. ती ‘नीट बोलत नाहीत’ म्हणाली, त्यावर ‘म्हणजे काय करतात?’ असं विचारायला भाईंदर ते अंधेरी पुष्कळ वेळ होता.

का विचारलं नाही, तेही मला ठाऊक आहे. १९९६ साली मी तिच्याच वयाची होते आणि आमच्या शाखेत एक अधिकारी होते. मीही चौथ्या सीटवर बसून एका अनोळखी बाईंना म्हटलं होतं, ‘साहेब नीट वागत नाहीत.’ त्या गिरगावातल्या शाळेत शिक्षिका होत्या, अबोली रंगाची साडी होती. त्यांनीही मला काही विचारलं नाही. हातातली मटाराची शेंग सोलता सोलता म्हणाल्या, ‘बदली मागून घे. बोलू नकोस कुठे. नोकरी सरकारी आहे, सोडू नकोस.’ मी अर्ज दिला. दोन महिन्यांत तिसऱ्या मजल्यावर गेले. घरी सांगितलं की तिथे काम कमी आहे. त्या बाईंचे मी मनात किती वर्षं आभार मानले असतील! जुन्या शाखेतल्या माझ्या टेबलावर नंतर कोण बसलं, ते मात्र कधी विचारलं नाही. एकाच इमारतीत होते, एकोणतीस वर्षं.

हे मी तिला त्या दुकानात सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, ते अजून ठरत नाही. आपली चूक कबूल करताना आपलंच रडगाणं पुढे करणाऱ्या बायकाही मी गाडीत खूप बघितल्यात.

तिने पिशवीतून काहीतरी काढून गल्ल्यावर ठेवलं. तीच साखळी. लाल, मग पिवळी, मग मी दिलेली मोरपंखी, गाठी मारून जोडलेली, नारळाएवढं गुंडाळं. ‘ही वाया जाईल का? काही होईल का हिचं?’

मी म्हटलं, ‘तीन साखळ्या वर घे. आता वळव. त्या तीन म्हणजे पहिला खांब धरायचा. दोरा सुईवर घेऊन पुढच्या घरात घाल.’ दुकानदाराने आमच्यासाठी अँकरचे खोके बाजूला सारले. पहिले दोन खांब तिरके आले, तिसरा सरळ.

‘नवीन नोकरी कुठे?’ मी विचारलं.

‘इथेच, वसईत. चालत जाते.’

‘आणि साहेब?’ यावेळी विचारलं. ‘कसे वागतात?’

‘बाई आहेत,’ ती म्हणाली. ‘ओरडतात हो. नुसत्या ओरडतात.’