अवतरणचिन्हांतली बायको

इंग्रजीत एखाद्या शब्दावर जोर द्यायचा झाला की मी त्याला अवतरणचिन्हांत बसवायचो. गणपती मखरात बसवावा, तसा! १९८१ साली रजेचा अर्ज लिहिला : ‘माय “वाइफ” इज “सिक”.’ साहेबांनी तो दोनदा वाचला, केबिनचं दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “खरं सांगा, या बाई कोण?”

मग त्यांनीच समजावलं. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे द्यायचे असतील, तर ही चिन्हं. उगाच घातली, तर इंग्रजी वाचणारा ‘तथाकथित’ असं समजतो. जोर हवा, तर शब्दाखाली रेघ ओढावी. (शेवटचा पूर्णविराम अमेरिकन माणूस सरसकट चिन्हांच्या आत घेतो, इंग्रज मात्र अर्थ पाहून घरात की ओटीवर, ते ठरवतो. त्या भानगडीत मी शिरलोच नाही.)

रजा मिळाली. हिला जरा हसू येईल म्हणून घरी येऊन सगळं सांगितलं. अंगात १०२ ताप. तरी ही उठून बसली.

“बायकोचं राहू द्या. ‘सिक’लाही चिन्हं घातलीत? म्हणजे मी सोंग करतेय, असं साहेबांना लिहून दिलंत!”