काळी पाटी, पिवळी अक्षरं

रत्नागिरीला स्वतःची गाडी हाणत नेण्यापेक्षा कोकण रेल्वेने रात्री झोपून जायचं आणि तिथे सेल्फ-ड्राइव्ह गाडी घ्यायची, हा माझ्या मते लाँग वीकेण्डचा बेस्ट प्लॅन. आरे-वारेचा समुद्राला खेटून जाणारा रस्ता, गणपतीपुळे, केशवसुतांचं मालगुंड आणि मग जयगडला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे तवसाळ. एसटीने हे दोन दिवसांत बसवणं म्हणजे टाइमटेबलशी कुस्ती!

फोनवर मला दोन गाड्या मिळत होत्या. एक पांढऱ्या पाटीची, दिवसाला पाचशे रुपयांनी स्वस्त. दुसरीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. ‘दोन्ही सेमच ओ. इन्शुरन्स आहे ना, काय होत नाय!’ इति गाडीवाला.

मी पाचशे जास्त मोजले. कारण त्या सेम नाहीत. पांढरी पाटी म्हणजे खासगी वापराची गाडी. ती भाड्याने दिली की पॉलिसीची अट मोडली. गाडी ठोकली तर कंपनी क्लेम नाकारू शकते, आणि मग गॅरेजचं बिल घेऊन मालक कोणाकडे येणार? काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे ड्रायव्हरशिवाय भाड्याने द्यायची परवानगी असलेली गाडी. एम-परिवहन अ‍ॅपवर नंबर टाकला की विमा कधीपर्यंत आहे तेही दिसतं.

ऑनसाइट जाऊन आलेल्यांना ठाऊक असेल, परदेशात काउंटरवरचा माणूस डॅमेज वेव्हर घ्या म्हणून पिडतो. इथे कोणी विचारत नाही, आपणच विचारायचं. पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह की नुसती थर्ड पार्टी? थर्ड पार्टी कायद्याने सक्तीची, पण ती समोरच्यासाठी. गाडीला ओरखडा आला तर डिपॉझिटमधून किती कापणार, हेही लिहून घ्या. वाडीतल्या अरुंद रस्त्यांवर दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे असतात आणि समोरून नेमका टेम्पो येतो. पावसाळ्यात इंजिनात पाणी गेलं तर पुन्हा स्टार्टर मारू नका. त्याने झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत बसत नाही, इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं.

पण मला खरं दचकवलं ते वेगळ्याच कलमाने. गाडीच्या विम्यासोबतचं १५ लाखांचं अपघात संरक्षण (२०१८ पासून रक्कम एवढी झाली) ‘ओनर-ड्रायव्हर’साठी असतं. म्हणजे ज्याच्या नावावर गाडी आहे तो स्वतः चालवत असेल तर. भाड्याने घेऊन चालवणारा मी त्यात नाही. मागच्या सीटवरचे आई-बाबा तर नाहीतच. माझं नाव ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत होतं, त्यांचं कुठेच नव्हतं. निघायच्या आठवडाभर आधी दोघांचा वेगळा अपघात विमा काढला. ‘एवढ्याशा ट्रिपला?’ आई म्हणाली. सही मात्र केली.

फेरीबोटीचं काय, हा प्रश्न बाबांचा. पॉलिसी उघडून दाखवली: रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग, लिफ्ट, विमान, यांतून गाडी नेताना झालेलं नुकसान स्टँडर्ड पॉलिसीत धरलेलं असतं. लिफ्ट वाचून ते हसले. जयगडला बोट सुटल्यावर मात्र दोनदा खाली वाकून त्यांनी हँडब्रेक तपासला.