अल्टरनेटर बदलताना

ज्या यंत्राची सेवा अखंड आणि मूक असते, त्याचा खरा परिचय ते निकामी झाल्यावाचून घडत नाही, हे आज आमच्या जुन्या मारुती ८०० चा अल्टरनेटर घरीच बदलताना मला पुनश्च जाणवले. बॅटरीचा तांबडा दिवा कालपासून विझत नव्हता. इंजिन चालू असताना मीटर १४ व्होल्टच्या आसपास असावयाचा, तो १२च्या खाली घुटमळत होता. पट्टा शाबूत आहे आणि जोडण्या स्वच्छ आहेत, याची खातरजमा केल्यावरच निवाडा केला.

प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, हा दंडक अनुल्लंघनीय होय. कारण अल्टरनेटरच्या जाड तारेस इंजिन बंद असतानाही बॅटरीचा दाब सदैव असतो, आणि पान्याचा ओझरता स्पर्शही ठिणगीस पुरेसा होतो. पुढचे काम पट्टा सैल करण्याचे आणि बोल्ट काढण्याचे. ते लवकर उरकले.

१८३१ साली फॅरडेने चुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या सापेक्ष गतीतून वीज निर्माण होते हे सिद्ध केले, तेच तत्त्व या नारळाएवढ्या कवचात नांदते: मध्ये फिरते विद्युतचुंबक, सभोवार स्थिर वेटोळी, आणि उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहास एकाच दिशेस वळविणारे डायोड, ज्यांच्यावाचून ही सारी वीज बॅटरीच्या दृष्टीने व्यर्थच ठरली असती. मला या चिमुकल्या डायोडांविषयी नितांत आदर वाटतो.

नवा अल्टरनेटर बसविला, पट्टा ताणला, आकडा १४.२ वर स्थिरावला. वाचकहो, जुना अल्टरनेटर भंगारात घालू नका. पुष्कळदा त्याचे कार्बन ब्रशच तेवढे झिजलेले असतात.