पिस्टन जळलो कित्याक?

नव्याने बांधलेल्या इंजिनाने दगा दिला की आरोपी आधीच ठरलेला असतो. शेवटचा हात ज्याचा लागला, त्याच्याकडे बोट. गेल्या सप्टेंबरात हे बोट माझ्या मामाकडे होतं.

मामा मालवणात आऊटबोर्ड इंजिनं दुरुस्त करतो. तुम्ही तारकर्लीला पॅरासेलिंग केलं असेल तर असं इंजिन पाहिलंय, फक्त तेव्हा तुमचं लक्ष आकाशात होतं. बोटीच्या मागे टांगलेलं काळं धूड. ज्याची ही गोष्ट आहे ते टू-स्ट्रोक, सहा सिलिंडर, दीडशे हॉर्सपॉवरचं. मे महिन्याच्या ऐन गर्दीत त्याचा एक पिस्टन गेला. डोक्यावर कडेला वितळून खड्डा, जणू कुणी मेणबत्ती धरली होती. मालकाने इंजिन उतरवून टेम्पोतून मामाच्या गाळ्यावर आणून टाकलं. पावसाळ्यात जलक्रीडा बंद असतात, त्यामुळे वेळ भरपूर होता. सिलिंडर बोर झाला, ओव्हरसाइज पिस्टन आला, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं, सगळं नवं. मोठा खर्च. मालकाने त्यासाठी सोसायटीचं कर्ज काढलं, हे पुढच्या सगळ्या रागामागे होतं.

गाळ्यावर पाण्याची नळी लावून चालवलं तेव्हा इंजिन गोड वाजलं. बोटीवर चढवून समुद्रात नेलं तर ३८०० आरपीएमवर अडकलं. अशा इंजिनाने पूर्ण थ्रॉटलला ५००० च्या पुढे जायला हवं. इथे लिव्हर पुढे ढकलला की उलट घुसमटायचं.

"काका, इंजिन तुमी बांधलात. आता तुमीच सांगा," मालक म्हणाला. आवाज चढवला नाही, पण धक्क्यावर दहा माणसं ऐकत होती. छोट्या गावात मेकॅनिकची जाहिरात असते ती हीच, आणि बदनामीही.

मी तेव्हा पुण्याहून घरी आले होते आणि काम वर्क फ्रॉम होम असल्याने मदतनीस म्हणून फुकटात मिळत होते. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो इंजिन पुन्हा उघडायचा. मामाने पान्ह्याला हातही लावला नाही. त्याचं म्हणणं, उघडायला एक दिवस लागतो आणि न उघडता तीन प्रश्न अर्ध्या तासात विचारता येतात.

पहिला प्रश्न दाबाचा. सहाही प्लग काढून, थ्रॉटल उघडा ठेवून, गेज लावून एकेक सिलिंडर मोजला: ११४ ते ११८ पीएसआय. आकडा किती यापेक्षा सहा आकडे एकमेकांच्या किती जवळ हे महत्त्वाचं असतं. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की काळजी. म्हणजे बांधणी शाबूत. दुसरा ठिणगीचा. टेस्टरवर सुमारे एक सेंटीमीटरची फट ठेवली आणि सहाही ठिणग्या टणाटण उडी मारून गेल्या. पंखाही ठीक होता, तो लगेच बाद झाला.

उरलं पेट्रोल. आणि इथे एक गंमत आहे जी मला इंजिनियरिंगच्या चार वर्षांत कुणी सांगितली नव्हती. गाळ्यावर विनाभार फिरणारं इंजिन पेट्रोल चाखतं. तेच इंजिन समुद्रात, माणसं घेऊन, पूर्ण थ्रॉटलला गेलं की तासाला पन्नास लिटरच्या वर पितं. त्यामुळे अर्धवट बुजलेली वाट गाळ्यावर कधी दिसतच नाही. आणि या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलातच मिसळलेलं असतं. पेट्रोल कमी पडलं की ऑइलही कमी पडतं, वर मिश्रण पातळ झाल्याने उष्णता वाढते. तहानलेल्याला तापही भरतो. त्यातून पिस्टन वितळतो.

आम्ही पुन्हा समुद्रात गेलो. माझं काम एवढंच की मागे पालथं पडून टाकी आणि इंजिनाच्या मधल्या नळीवरचा रबरी फुगा बघायचा, तोच जो सुरू करण्याआधी हाताने दाबतात. मामाने लिव्हर ढकलला आणि फुगा माझ्या डोळ्यांदेखत चपटा झाला. म्हणजे इंजिन ओढत होतं, पण टाकीकडून येत नव्हतं. मग मामाने स्वतःची सुटी पंचवीस लिटरची टाकी, तिची नळी थेट इंजिनाला जोडली. ५२०० आरपीएम. बोटीचं नाक उचललं आणि माझा चष्मा जवळजवळ गेला.

टाकीकडची नळी बाहेरून चांगली दिसत होती. मामाने ती उभी कापली. आतला थर सुटून सापाच्या कातीसारखा लोंबत होता. हळू ओढलं तर पेट्रोल बाजूने जायचं, जोरात ओढलं की ती कात वाट बंद करायची. इथेनॉल जुन्या रबराचं असं करतं. २०२३ पासून आपल्याकडे ई२० पेट्रोल विकायला लागले, आणि ही नळी त्याच्या कितीतरी आधीची. मी लगेच सगळं खापर त्यावर फोडलं. मामा तयार नव्हता. दहा वर्षं उन्हात पडलेली नळी इथेनॉलशिवायही मेली असती, म्हणाला.

माझ्या अंगावर काटा आला तो नंतर, हिशेब लावताना. मे महिन्यात पिस्टन जळला तो याच नळीमुळे, असंच सगळं सांगत होतं. तीन महिने, कर्ज, बोअरिंग, सगळं झालं आणि नवं कोरं इंजिन त्याच नळीला जोडलं गेलं. दिवाळीपर्यंत असंच रेटलं असतं तर दुसरा पिस्टन गेला असता, आणि तेव्हा मामाचं कुणी ऐकलं नसतं.

"पिस्टन जळलो कित्याक, ता कोणी इचारल्यानच नाय," मामा म्हणाला. टेम्पोतून इंजिन येतं, बोट येत नाही. रुग्णाला सोडून नुसतं हृदय दवाखान्यात पाठवण्यातला प्रकार, पण गावोगाव असंच चालतं, कारण बोट उचलून आणायला क्रेन लागते.

मालकाने माफी वगैरे मागितली नाही. सहा मीटर नळीचे पैसे दिले, नवा फुगा घेतला आणि कार्बोरेटर साफ करून देण्यावरून घासाघीसही केली. मला राग आला, मामाला नाही. त्याच संध्याकाळी ती बोट पर्यटक घेऊन दोनदा गेली.

कापलेली नळी आता गाळ्यात खिळ्याला टांगलीय. परवा देवगडहून एक इंजिन आलं, पिस्टन गेलेलं. टेम्पोवाला दोऱ्या सोडत होता तोवर मामाने विचारलं, "नळी खंय आसा?"